क्वांटम संशोधनाचा नकाशा

आज दिवसभर व्हॉसव्ह्यूअर या शोधनिबंधांचे नकाशे काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर क्वांटम तंत्रज्ञानातल्या शोधनिबंधांचा नकाशा काढत बसले होते. एकाच निबंधात वारंवार सोबत येणारे शब्द जवळ सरकतात, त्यांचे रंगीत पुंजके होतात. 'क्वांटम डॉट' (अर्धवाहकाचे अतिसूक्ष्म कण) हा शब्द मात्र गाळून घ्यावा लागतो, नाहीतर टीव्हीचे पडदे आणि सौरघटच सगळी जागा व्यापतात.

मला सगळ्यात भावला तो क्वांटम क्रिप्टोग्राफीचा, म्हणजे क्वांटम नियमांच्या आधारे संदेश गुप्त ठेवण्याच्या शास्त्राचा पुंजका. संदर्भांचा माग काढत गेलं की बेनेट आणि ब्रासार्ड या संशोधकांचा १९८४ चा पायाभूत निबंध लागतो. तो मांडला गेला बंगळुरूच्या परिषदेत! सुरुवातीची कित्येक वर्षं तिकडे फारसं कुणी फिरकलंही नव्हतं.

उद्या भारतीय संस्थांचं सहलेखन बघायचंय. भारत सरकारच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचं सेन्सिंगचं (अतिसूक्ष्म मोजमापाचं) केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे, त्या बाजूची फार उत्सुकता आहे.