आम्ही दोघं लिंबूटिंबू

गुरुवारी रात्री पावणेअकरा वाजता मी बर्फावर तोंडघशी पडलो आणि आमच्याच टीमची बाकावरची सगळी मंडळी काठ्या आपटत ओरडली, "गुड जॉब!"

आता यात गुड काय नि जॉब काय. पक, म्हणजे बर्फावरच्या हॉकीतली चकती, माझ्यापासून हातभर अंतरावर थांबलेला, अडवायला कुणी नाही, समोर उघडा गोल. मी काठी उचलली, हवेत फिरवली, पाय एकीकडे गेले आणि मी एकीकडे. सांगलीत असं केलं असतं तर लग्नाच्या वरातीपर्यंत नाव पुरलं असतं. इथे मात्र एक माजी नेव्हीवाला आणि एक ब्राझीलची बँकर मला दोन्ही काखांत धरून उठवायला आले (उठवताना तीही पडली, तो वेगळा विषय) आणि दोघं एका सुरात, "लव्ह द एफर्ट, मॅन!"

नोव्हेंबरपासून हे ऐकतोय आणि आता खरंच डोक्यात जायला लागलंय, म्हणून ही पोस्ट.

ट्रायपॉड हॉकी काय भानगड आहे ते आधी सांगतो कारण घरी सांगताना दोनदा घोटाळा झालाय. बाबांना फोनवर म्हटलं हॉकी खेळायला लागलोय, तर ते ध्यानचंदांवर सुरू झाले, २८, ३२, ३६, तिन्ही ऑलिंपिकं. मग म्हटलं बाबा बर्फावरची हॉकी, तर म्हणाले, "बर्फावर कशाला, मैदान नाही काय त्यांच्याकडं?" ट्रायपॉड म्हणजे ज्यांना स्केटिंग येत नाही त्यांची हॉकी. दोन पाय आणि तिसरी काठी, जी पक मारायला कमी आणि न पडण्यासाठी जास्त वापरतात, म्हणून ट्रायपॉड. टक, म्हणजे माझं इथलं कॉलेज, तिथली ही जुनी पद्धत. ज्यांना खरी हॉकी येते त्यांच्या टीम्स वेगळ्या. आम्ही म्हणजे शुद्ध मराठीत लिंबूटिंबू. फरक एवढाच की आपल्याकडे लिंबूटिंबूला खेळायला घेतात पण धरत नाहीत, इथे आम्हाला हेल्मेट, जाळी, गुडघ्याची ढाल, जर्सी, पंच, स्कोअरबोर्ड सगळं आहे.

टक म्हणजे अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजचं बिझनेस स्कूल, न्यू हॅम्पशायरमधल्या हॅनोव्हर नावाच्या गावात. १९०० सालचं, जगातलं पहिलं ग्रॅज्युएट बिझनेस स्कूल, हार्वर्डपेक्षा आठ वर्षांनी मोठं, हे पहिल्या आठवड्यात प्रत्येक जण तुम्हाला सांगतो आणि दुसऱ्या आठवड्यापासून तुम्ही पण सांगायला लागता. गाव केवढं, तर नदी ओलांडली की दुसरं राज्य. बॉस्टन बसने अडीच तास, हिंग आणि ज्वारीचं पीठ हवं असेल तर दीड तास गाडी हाकून नॅशुआला. एका वर्षाच्या बॅचला तीनशेच्या आतच मुलं, त्यामुळे कुणी कुणापासून लपू शकत नाही. जानेवारीत उणे वीस होतं. हॉस्टेलवाली पोरं तरी इमारती आतून जोडलेल्या असल्यामुळे चपलेवर वर्गात येतात, आम्ही लग्न झालेले सेचम व्हिलेजमध्ये राहतो त्यामुळे आम्हाला रोज सकाळी गाडीवरचा बर्फ खरवडायचा योग.

आता तुम्ही म्हणाल, एमबीएला गेलाय का हिवाळी शिबिराला. बाबा पण तेच म्हणतात, फक्त ते थेट म्हणत नाहीत, ते विचारतात, "अभ्यास कसा काय?" वर्षाची नुसती फीच ऐंशी हजार डॉलरच्या आसपास, कर्जाला तारण सांगलीचं घर, त्यामुळे त्या "कसा काय" मध्ये काय काय असतं ते मला कळतं. मी पण तयारच असतो. नेटवर्किंग म्हणून एक शब्द आहे तो फार उपयोगी पडतो. हॉकी? नेटवर्किंग. शुक्रवारची बिअर? नेटवर्किंग. आठ जणांनी भाड्याने घर घेऊन स्की करायला जाणं? बाबा, तेच तर नेटवर्किंग.

अगदीच थाप नाही ती. इथे पहिल्या वर्षी सप्टेंबर उजाडत नाही तोवर कन्सल्टिंगवाले आणि बँकवाले गावात येतात, त्यांच्याबरोबर कॉफी चॅट म्हणजे वीस मिनिटं हसतमुख बसून नोकरी मागायची पण मागतोय असं दाखवायचं नाही. मग केसची प्रॅक्टिस, एकमेकांना प्रश्न घालायचे, की बाबा एका विमानतळावर रोज किती समोसे, सॉरी, सँडविच खपत असतील. जानेवारीत इंटर्नशिपचे इंटरव्ह्यू. या सगळ्यात कन्सल्टिंग क्लब, फायनान्स क्लब, टेक क्लब, त्यांचे को-चेअर व्हायला इलेक्शन. आपल्याकडच्या एमबीएवाल्यांना पीओआर म्हटलं की कळेल, पोझिशन ऑफ रिस्पॉन्सिबिलिटी, सीव्हीवरची ती ओळ. मी आल्या आल्या चार क्लबांत नाव घातलं होतं. कुठला क्लब कुठल्या ओळीत बसेल याची एक्सेल शीट होती माझ्याकडे. हसू नका, तुमच्याकडेही आहे.

हॉकी त्या शीटमध्ये नव्हती. हॉकी बायकोमुळे आली, ते सांगतोच. पण आधी गुड जॉबचं संपवू दे.

मी पुण्यात इंजिनिअरिंगला असताना तीन वर्षं पुरुषोत्तम करंडक, म्हणजे कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, केलाय. ज्यांनी केलाय त्यांना पुढचं वाचायची गरज नाही. कॉलेजच्या गच्चीवर रात्री दोनपर्यंत तालमी, लेक्चरला दांडी, वडापाववर जगणं, आणि भरत नाट्य मंदिरात "अरे आव्वाज कुणाचा" ओरडून चार दिवस घसा बसलेला. तिथे कुणी कुणाला गुड जॉब म्हणाल्याचं मला आठवत नाही. आमचा दिग्दर्शक खूश असला तर गप्प बसायचा, ती सगळ्यात मोठी शाबासकी. एरवी म्हणायचा, "हे तू केलंस की तुझ्याकडून झालं?" आणि या प्रश्नावर आम्ही अख्खी रात्र जागायचो. त्या करंडकाचा ताठा तर असा की २०२२ साली परीक्षकांनी सांगून टाकलं, एकही एकांकिका त्या तोडीची नाही, आणि करंडक कुणालाच दिला नाही. कुणालाच! इथल्या पोरांना मी हे जेवताना सांगितलं तर त्यांना वाटलं मी काहीतरी अत्याचाराबद्दल बोलतोय. एक जण म्हणाला, पण मग त्यांनी सगळ्यांना थोडं थोडं का नाही दिलं? मी त्याला समजावायला गेलो आणि माझा आवाजच चढला. मला त्या न दिलेल्या करंडकाचा एवढा अभिमान आहे हे मलाच तेव्हा कळलं.

आता जरा अवघड भाग.

टकचे प्रवेशाचे चार निकष आहेत, त्यांनी जाहीर लिहिलेले. हुशार, कर्तबगार, जाणता, आणि चौथा म्हणजे दुसऱ्याला उत्तेजन देणारा. मजाक नाही, चक्क निकष आहे, त्यावर निबंध लिहावा लागतो, तुम्ही दुसऱ्या कुणाच्या यशाला हातभार लावला असा प्रसंग सांगा. मी पुरुषोत्तमवरच लिहिला. आमच्याकडे जतचा एक ज्युनिअर होता, आवाज खणखणीत, पण पाण्याला पानी म्हणायचा आणि घाबरला की बाण्याचा बाना व्हायचा. त्याला मी महिनाभर गच्चीवर रोज तासभर घेऊन बसलो. ण, ळ, ण, ळ. निबंधात हे सगळं आलंय, शेवटी आम्ही फायनलला गेलो हेही आलंय. निबंधात काय नाही, तर प्राथमिक फेरीच्या आठ दिवस आधी मीच दिग्दर्शकाला म्हणालो की याच्याच्याने होणार नाही, बदला. बदलला. तो विंगेत संहिता हातात धरून प्रॉम्प्टिंगला बसला. फायनलच्या दिवशी आव्वाज कुणाचा सगळ्यात मोठ्यांदा त्यानेच टाकला.

खोटं काही लिहिलेलं नाही मी. ते आठ दिवस फक्त शब्दमर्यादेत बसले नाहीत. आणि माझं अजूनही म्हणणं आहे की तेव्हा तेच बरोबर होतं, तो स्टेजवर गेला असता तर आम्ही फायनल बघितली नसती, त्याचं पण हसं झालं असतं. मोटिव्हेशनच्या गोष्टी इथे बसून सांगायला सोप्या, इथे हरलं तर काय जातंय. तरी पण गुरुवारी बर्फावर उताणा पडून छताचे दिवे बघताना तो आठवला हे आहे.

तर बायको.

ती चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला होती, सात वर्षं, हाताखाली बारा माणसं, ती शॉप फ्लोअरवर आली की लोक चहाचे कप लपवायचे. माझं ॲडमिशन झालं आणि ती एफ-२ व्हिसावर इथे आली. एफ-२ म्हणजे काय ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, नोकरी करायची नाही, शिकायचं तर पार्ट टाइम. पहिला महिना ती मजेत होती, पानगळ बघितली, फोटो टाकले, त्या फोटोंना तुम्हीच लोकांनी "ऐश आहे बाबा" लिहिलंत. दुसऱ्या महिन्यात तिने स्वयंपाकघरातल्या डब्यांना लेबलं लावली. तिसऱ्या महिन्यात मी रात्री घरी आलो तर ती मला म्हणाली, "आज दिवसभरात मी फक्त दुकानातल्या बाईशी बोलले. हाय आणि बाय." मी तेव्हा केस प्रॅक्टिसच्या गडबडीत होतो. म्हटलं, अगं, होईल सवय. आता लिहिताना ते वाक्य बघवत नाहीये.

इथे विद्यार्थ्यांच्या नवरा-बायकोंना टक पार्टनर म्हणतात, टीपी, आणि क्लब, सहली, हॉकी, सगळीकडे त्यांना बरोबरीने घेतात. ते मेलमध्ये वाचलं होतं पण असतं ना आपल्याकडे, "सहकुटुंब या" छापतात तसं वाटलेलं. एका टीपीने हिला ग्रोसरीच्या रांगेत गाठलं आणि विचारलं, "गोलकीपर होशील?" हिने आयुष्यात स्केट्स बघितले नव्हते. ती बाई म्हणाली, उत्तम, गोलकीपरला फार हलायला लागत नाही. गल्लीत ज्याला काही येत नाही त्याला कीपर करतात, जगभर नियम एकच.

आणि मी मागून गेलो, कारण बायको बर्फावर एकटी कशी जाईल. हे माझं अधिकृत कारण. खरं कारण हे की ती शनिवारी सेकंड इयरवाल्यांकडून जुने पॅड्स घेऊन घरी आली, ते घालून पलंगाएवढी रुंद होऊन आरशासमोर उभी राहिली, आणि मी तिला कित्येक आठवड्यांनी इतकं हसताना बघितलं.

एक सांगतो, ती चांगली आहे. नवरा म्हणून नाही सांगत. ती पकवर अशी नजर लावते जशी चाकणला एकेका पार्टवर लावायची. पडते भरपूर, पण पडते ती पकच्या वाटेत पडते, मी पडतो तो कुठेही. आणि टीममध्ये ती एकटीच आहे जी गुड जॉब म्हणत नाही. गुरुवारी मी तो उघडा गोल चुकवून, सगळ्यांच्या कौतुकाचा वर्षाव झेलत, लंगडत तिच्याकडे गेलो तर जाळीच्या आतून मराठीत आवाज आला, "अरे, तू रीवर्कला पण जाणार नाहीस. डायरेक्ट स्क्रॅप."

काय बरं वाटलं सांगू. तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मॅच बघत होतं.

पण तिलाच मी गाडीत विचारलं, तुला नाही का या गुड जॉबचा वैताग येत. ती म्हणाली, "तुला लहानपणापासून सगळे वा वा करत आलेत, तुला परवडतं वैतागायला. मला इथे सहा महिन्यांत कुणी कुठल्याच कामाला चांगलं म्हटलेलं नाही. म्हणू दे की." हीटर लागेपर्यंत मी पुढे काही बोललो नाही. मुद्दा माझा अजूनही बरोबर आहे असं मला वाटतं, फक्त तो गाडीत मांडायचा नव्हता.

आम्ही चार-एक हरलो. समोरची टीम पण ट्रायपॉडच होती, म्हणजे आमच्यापेक्षा फार बरी होती असं नाही, त्यांचा एक गोल त्यांच्या पोराच्या ढुंगणाला लागून आत गेला. जर्सी आणि पॅड्सना जो वास येतो त्याबद्दल लिहीत नाही, तुम्ही जेवत असाल. ते सगळं बाथरूममध्ये दोरीवर वाळत टाकलंय आणि सकाळी दात घासताना घामट शिंगाड्यासारखं काहीतरी डोक्याला लागतं, ते माझं हेल्मेट.

शुक्रवारी सकाळी बाबांचा फोन. जिंकलात काय? म्हटलं नाही, चार-एक. थोडा वेळ शांतता, ते स्वतः जिल्ह्याला कबड्डी खेळलेत, त्यांना हरण्याचं कौतुक नाही. मी नेटवर्किंग म्हणणार तेवढ्यात हिने फोन ओढून घेतला, म्हणाली, "बाबा, एकोणीस वेळा मारला त्यांनी, पंधरा मी अडवले." बाबांनी विचारलं, तू उभी कुठं असतीस? तिने सांगितलं, अगदी मागे, एकटी, जाळीपुढे. "म्हणजे कोपरारक्षक," बाबा म्हणाले, जे चूक आहे, पण तिने हो म्हटलं. मग पुढची वीस मिनिटं ते तिला गुडघे कसे वाकवायचे, वजन चवड्यावर कसं ठेवायचं ते सांगत होते आणि ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून, फोन स्पीकरवर टाकून, वाकून बघत होती. माझ्या अभ्यासाचं विचारायचं राहूनच गेलं त्यांचं.

पुढची मॅच मंगळवारी, रात्री सव्वादहाची. स्केट्सना धार लावून आणायचीय.