तुम्ही विचारलंत म्हणून: दामियानीचे प्रामाणिक पोलीस हरतात, तरी का बघायचे?

गुन्हेगारीपटांचा विषय निघाला की मी इटालियन दिग्दर्शक दामियानो दामियानीचं नाव घेतो. ज्यांनी त्याचे एक-दोन सिनेमे पाहिलेत ते मग हमखास विचारतात: याच्या गोष्टीत सरळ माणसाचा बळी जातो किंवा त्याची बदली होते, खरा गुन्हेगार मोकळा फिरतो, तर मग दोन तास बसून हे बघायचं कशासाठी?

हा प्रश्न मला रास्त वाटतो, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

गुन्हेगार कोण, हे दामियानी पहिल्या पंधरा मिनिटांतच सांगून टाकतो. गावात सगळ्यांनाच ते ठाऊक असतं. तो मोकळा कसा राहतो, हा त्याचा विषय. साक्षीदार जबाब का फिरवतो, फाइल कोणाच्या टेबलावर थांबते, बदलीचा कागद नेमका कधी निघतो, यात त्याला रस. त्याच्या सिनेमात बंदुकीपेक्षा टेलिफोन जास्त भीती घालतो.

माणूस मूळचा इटलीच्या उत्तरेचा. 1922 साली फ्रिउली भागातल्या पासियानोत जन्म, मिलानच्या ब्रेरा अकादमीत कलेचं शिक्षण, मग माहितीपट आणि पटकथालेखन. पहिला कथापट 1960चा. एल्सा मोरांतेच्या कादंबरीवर केलेल्या सिनेमाला 1962मध्ये सान सेबास्तियान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. सिसिलीतल्या माफियाकडे तो वळला तेव्हा चाळिशी उलटली होती.

1968चा ‘इल जोर्नो देल्ला चिवेत्ता’ हा सिनेमा लिओनार्दो शाशाच्या कादंबरीवर आधारलेला. एका बांधकाम ठेकेदाराचा खून होतो आणि उत्तरेतल्या पार्माहून आलेला तरुण कॅप्टन बेल्लोदी तपास करतो. कॅप्टन झालाय फ्रांको नेरो, गावचा माफियाप्रमुख डॉन मारियानो झालाय अमेरिकन नट ली जे. कॉब. यातली जागांची मांडणी नीट बघा. एकच चौक. एका बाजूला पोलीस ठाणं, समोर डॉनचं घर. कॅप्टन दुर्बिणीतून त्या घराकडे बघतो, आणि तिकडूनही नजर इकडेच असते. कोण कोणाकडे गेलं, किती वेळ बसलं, सगळं उघड्यावर. लपलेलं काहीच नाही, फक्त सिद्ध काही होत नाही. मधल्या चौकातून ये-जा करणारे गावकरी कुठल्याही बाजूला मान वळवत नाहीत. तेवढ्या एका चौकात दामियानीने सगळी व्यवस्था दाखवून दिली आहे.

आता हरण्याचं बघू. तो काळच तसा होता. 1969च्या जून महिन्यात इटलीतल्या बारी शहराच्या न्यायालयात सिसिलीतल्या कोर्लेओने गावच्या माफिया टोळीतले 64 आरोपी निर्दोष सुटले. टोळीचे म्होरके लुचानो लेज्जो आणि तोतो रीना त्यांतलेच. कोणी माफियात आहे हा तेव्हा इटलीच्या कायद्याने गुन्हाच नव्हता. प्रत्येक खून वेगळा सिद्ध करायचा आणि त्यासाठी साक्षीदार जिवंत ठेवायचा. माफिया संघटनेत असणं हाच गुन्हा ठरवणारा कायदा आला 1982च्या सप्टेंबरमध्ये, आणि तोही दोन मोठ्या माणसांचे जीव गेल्यावर. कायद्यासाठी झटणारे खासदार पिओ ला तोरे यांना त्याच वर्षी एप्रिलमध्ये मारलं, तर सिसिलीची राजधानी पालेर्मोचे प्रीफेक्ट (म्हणजे तिथले केंद्र सरकारचे प्रतिनिधी) जनरल दाल्ला क्येजा यांना 3 सप्टेंबरला. दामियानीने त्याआधी पोलिसाला जिंकवलं असतं तर ती लोकांची फसवणूक झाली असती.

माझ्या मते त्याची सर्वांत मोठी कामगिरी 1971ची. नाव लांबलचक आहे, मराठीत ‘एका पोलीस आयुक्ताने सरकारी वकिलापुढे दिलेली कबुली’ असं म्हणता येईल. स्थळ पालेर्मो. बांधकाम सम्राट लोमुन्नो दरवेळी पुराव्याअभावी सुटतो, म्हणून थकलेला कमिशनर बोनाव्हिया त्याला मारण्याची आस बाळगून असलेल्या एका रुग्णाला मनोरुग्णालयातून सुटू देतो. डाव फसतो. तरुण सरकारी वकील ट्राइनी चौकशीला लागतो. कमिशनरला वाटतं हा वकील विकला गेलाय, वकिलाला वाटतं हा पोलीसच गुन्हेगार आहे. दोघंही प्रामाणिक, आणि व्यवस्थेने दोघांना एकमेकांवर सोडलेलं. कमिशनर झालेल्या मार्टिन बाल्समच्या चेहऱ्यावरचा थकवा मी विसरू शकत नाही. लोमुन्नोविरुद्ध साक्ष देऊ शकणाऱ्या बाईचं प्रेत इमारतीच्या काँक्रीटमध्ये गाडलेलं, ही यातली कल्पना वरवरची नाही. पालेर्मोत पन्नास-साठच्या दशकांत जुने बंगले पाडून बेसुमार इमारती उठत होत्या. एर्नेस्तो बाझिलेसारख्या वास्तुकाराचा व्हिला देलिएल्ला 1959मध्ये असाच पाडला गेला.

सिनेमा त्या वर्षी मार्चमध्ये लागला. 5 मे रोजी पालेर्मोचे मुख्य सरकारी वकील पिएत्रो स्कालिओने यांची भर रस्त्यात हत्या झाली.

मराठी प्रेक्षकाला इथे ‘अर्धसत्य’ आठवणारच. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ कथेवरचा तो सिनेमा 1983चा. वेलणकर रामा शेट्टीला संपवतो आणि स्वतः हजर होतो, तिथे पडदा पडतो. बोनाव्हियासुद्धा शेवटी लोमुन्नोला स्वतःच गोळी घालतो, पण दामियानी तिथे थांबत नाही. तो आपल्याला तुरुंगात नेतो, तिथे बोनाव्हियाचं काय होतं ते दाखवतो, आणि मग न्यायालयाच्या पायऱ्यांवर ट्राइनीला त्याच्या वरिष्ठांसमोर उभं करतो. तपासाची माहिती कुठून फुटत होती, हे ट्राइनीला एव्हाना कळलेलं असतं. पुढे तो काय करील, हे आपण ठरवायचं.

सगळेच हरतात असंही नाही. 1970च्या ‘ला मोल्ये प्यू बेल्ला’मधली मुलगी हरत नाही. 1965मध्ये सिसिलीतल्या अल्कामोच्या फ्रांका व्हिओलाचं अपहरण झालं, बलात्कार झाला, आणि त्याच माणसाशी लग्न करून ‘अब्रू’ सावरायला तिने ठाम नकार दिला. तसं लग्न लागलं की आरोपी सुटायचा, असं कलमच होतं. ते 1981मध्ये रद्द झालं. या घटनेवरून सुचलेल्या सिनेमात दामियानीने किशोरवयीन ओर्नेल्ला मूतीला पहिल्यांदा पडद्यावर आणलं. अख्खं गाव पाठ फिरवतं तेव्हाची तिची ताठ मान बघावी.

1982मध्ये त्याने अमेरिकेत एक भयपट केला, त्यात मला दामियानी सापडत नाही. पण 1984मध्ये राय या इटलीच्या सरकारी वाहिनीवर ‘ला पिओव्रा’ ही माफियावरची मालिका आली. तिचे पहिले सगळे भाग त्याचे. मिकेले प्लाचीदोचा इन्स्पेक्टर कात्तानी मुलीचं अपहरण झाल्यावर वाकतो, आणि घराघरांत बसलेल्या प्रेक्षकांना त्याला दोष देता येत नाही. पुढचे सीझन इतरांनी केले, मालिका 2001पर्यंत चालली आणि अनेक देशांत गाजली. ‘इटलीची बदनामी केली’ हा आरोप तिच्यावर इतकी वर्षं होत राहिला की 2009मध्ये खुद्द पंतप्रधान बेर्लुस्कोनी तिच्या निर्मात्यांचा गळा आवळण्याची भाषा बोलले. तोवर पहिला सीझन येऊन 25 वर्षं झाली होती. दामियानी 2013मध्ये, नव्वदीत गेला.

सुरुवात 1968च्या सिनेमापासून करा, मग 1971चा बघा, या क्रमानेच. दोन्हींत फ्रांको नेरो आहे. पहिल्यात बाहेरून आलेला अधिकारी, दुसऱ्यात यंत्रणेच्या आतला वकील. ‘ला पिओव्रा’ला त्यानंतर हात घाला, आणि पहिला सीझन संपल्यावर दोन दिवस जाऊ द्या.