शोई लेडीज स्लिपर बघायला जाताना: माझा अनुभव

अमेरिकेतल्या मिनेसोटाचं हे राज्यफूल, एक रानटी ऑर्किड, फुलतं साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत. थंडी रेंगाळली की फुलणंही लांबतं. म्हणून मी आधी पानं ओळखायला शिकलो: रुंद, ठळक शिरांची, चुण्या पाडल्यासारखी आणि खोडापासून पानापर्यंत लवच लव. हात मात्र लावायचा नाही, काहींच्या अंगावर त्या लवेने पुरळ उठतं.

जागा निवडली बेमिजी सरोवराकाठच्या स्टेट पार्कमधली, कारण तिथे दलदलीवरून फळ्यांची पायवाट आहे. त्या ओल्या जंगलात शेवाळावर पाय पडला की खालची कोवळी मुळंही चिरडतात, त्यामुळे पायवाट सोडायची नाही. डास भरपूर. सुरुवातीला कळ्यांवरच समाधान मानलं. ऐन बहरात पोहोचलो तेव्हा आभाळ भरून आलेलं होतं आणि फोटोला तेच हवं होतं. कडक उन्हात त्या शुभ्र पाकळ्यांचा तपशीलच उडून जातो.

पण खरं बघावं ते पाकळ्यांखालच्या गुलाबी पिशवीकडे. मी कॅमेरा खाली ठेवून बघत राहिलो. एक मधमाशी पिशवीच्या तोंडातून आत उतरली. आत मध नाहीच! तोंडाच्या कडा आत वळलेल्या, त्यामुळे आल्या वाटेने बाहेर पडता येईना. पिशवी किंचित हलत होती. शेवटी ती मागच्या अरुंद फटीतून अंग चोरत निघाली. त्या वाटेवर आधी कुक्षी, म्हणजे पराग स्वीकारणारा भाग लागतो, मग पराग. म्हणजे आधीच्या फुलाचे पराग इथे पुसले जातात आणि इथले पाठीला लागतात. इतकी चोख व्यवस्था मी दुसऱ्या कुठल्या फुलात पाहिलेली नाही.

घरी फोटो दाखवले की हमखास प्रश्न येतो, "एखादं रोप का नाही आणलंस?" मिनेसोटात 1925 पासून ते तोडायला आणि उपटायला कायद्याने बंदी आहे. शिवाय धुळीसारख्या बारीक बीमध्ये अन्नसाठाच नसतो. मातीतली विशिष्ट बुरशी भेटली तरच ते रुजतं. पहिलं फूल यायला 16 वर्षंसुद्धा लागू शकतात. एवढ्या वर्षांचं झाड एका कुदळीत संपवायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. बागेत हवंच असेल तर रोपवाटिकेत आधी विचारा: रोप प्रयोगशाळेत बियांपासून वाढवलेलं आहे, की जंगलातून उपटलेलं?