पहिली वीस मिनिटं

कोणाकडेही गेलो की पहिली वीस मिनिटं माझी लेक माझ्या पायाला चिकटलेली असते. अक्षरशः. आणि डाव्याच पायाला, उजवा का चालत नाही देव जाणे. दार उघडणारी व्यक्ती "अगं बाई, किती मोठी झालीस, ये ये" करत हात पुढे करते, ही माझ्या मागे तोंड लपवते आणि मग ते ठरलेलं वाक्य येतं, "लाजाळू आहे का?" मी पण कसनुसं हसत ठरलेलं उत्तर द्यायचे, "हो ना, घरी मात्र तोंड बंद नसतं तिचं."

हे दोनेक वर्षं चाललं. मग एकदा लिफ्टमध्ये एका आजींनी तिला नाव विचारलं तर ही साडेतीन वर्षांची बाई त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "मी लाजाळू आहे." नाव नाही सांगितलं, हे सांगितलं. धस्स झालं मला. कोणी शिकवलं असणार, मीच की.

त्यानंतर रात्री जागून वाचणं वगैरे झालं (नको तितकं झालं). त्यात एक गोष्ट मात्र कामाची सापडली. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या नवरा-बायकोने 1956 पासून न्यूयॉर्कमध्ये बरीच मुलं अगदी तान्ही असल्यापासून वर्षानुवर्षं बघितली आणि त्यांच्या स्वभावाचे ढोबळ गट केले, त्यातली साधारण 15 टक्के मुलं नव्या जागी, नव्या माणसांत हळूहळू रुळणारी निघाली. रुळणारी! किती साधा शब्द आहे आपल्याकडे आणि मी लाजाळू लाजाळू करत बसले होते. लाजाळू म्हटलं की शिक्का बसतो, रुळायला वेळ लागतो म्हटलं की पुढे काहीतरी होणार आहे असं तरी वाटतं. तेव्हापासून मी फक्त "तिला जरा वेळ लागतो" एवढंच म्हणते आणि विषय बदलते.

बाकी बदल बारीक बारीकच केले. पार्टीला आता आम्ही सगळ्यात आधी पोचतो. पूर्वी मुद्दाम उशिरा जायचो, म्हणजे तिला कमी वेळ सहन करावं लागेल, पण भरलेल्या गोंगाटात शिरणं आणि आपण आधीच बसलोय तिथे एकेक जण येणं यात केवढा फरक आहे. झोपेच्या वेळेला कुठलंही आमंत्रण घ्यायचं नाही, मग कोणीही असो. निघायच्या आधी "पाच मिनिटांत निघू" म्हणून उपयोग शून्य, पाच मिनिटं म्हणजे काय हे तिला कळतच नाही, "अजून दोनदा घसरगुंडी" कळतं. आणि पापी दे, मांडीवर बस ही जबरदस्ती बंद, टाटा कर नाहीतर टाळी दे, तेही नको तर नको. यावर एक नातेवाईक चांगल्याच रुसल्या, "आमच्या वेळी असले लाड नव्हते" हेही ऐकवून झालं. ऐकलं आणि सोडून दिलं. खरं तर सोडून दिलं नाही, पण असो.

शेअरिंगवरून पण मी उगाच रक्त आटवलंय. ती अडीच वर्षांची असताना आम्ही दोघी-तिघी आयांनी प्लेडेट ठरवली, पोरं पूर्ण वेळ एकमेकांकडे पाठ करून आपापली बादली घेऊन बसली आणि आम्हाला वाटलं झाला सगळा फ्लॉप. मिल्ड्रेड पार्टन नावाच्या बाईंनी 1932 मध्येच लिहून ठेवलंय की शेजारी बसून आपापलं खेळणं हा खेळाचाच एक प्रकार आहे, मिळून खेळणं त्याच्या पुढचं. म्हणजे त्या दिवशी पोरं बरोबर खेळत होती, आम्हीच मधे मधे "दे गं तिला, शेअर कर" करून त्यांचा खेळ मोडत होतो.

सगळ्यात वाईट मात्र एका समारंभातलं. ऐन गर्दीत तिने जमिनीवर लोळण घेतली आणि मी तिच्याकडे नाही, लोकांच्या चेहऱ्यांकडे बघत होते. उचलून बाहेर नेलं, दंडाला धरून जरा जोरातच. जिन्यात बसलो दोघी. दहा मिनिटं रडली, मग हुंदके देत म्हणाली, "आत खूप आवाज होता." एवढंच होतं. ती आत सांगत असेलही, मला ऐकूच आलं नाही.

आता साडेचार वर्षांची आहे. मागच्या महिन्यात एका वाढदिवसाला गेलो, मी सवयीने डावा पाय घट्ट रोवून उभी राहिले आणि ही दोन मिनिटांत फुग्यांच्या दिशेने पसार! आणि मी तिथेच, दाराशी, हातांचं काय करावं ते कळेना. ओळखीचं एकही मोठं माणूस नाही, फोन काढला, परत ठेवला, भिंतीवरचं डेकोरेशन दोनदा नीट वाचून काढलं. इतकी वर्षं "हिला सोडून कशी येऊ" म्हणत मी किती आरामात कोपरे पकडले होते ते तेव्हा लक्षात आलं. तेवढ्यात यजमानीण बाई मला आत बोलवायला आल्या आणि लेक कुठूनशी धावत येऊन त्यांना म्हणाली, "माझ्या आईला जरा वेळ लागतो."

मग एक बूट माझ्या हातात कोंबला आणि परत पळाली.