सीटवरची पिशवी

दुपारची सर थांबली की स्टँडवर लावलेल्या सायकली बघाव्यात. निम्म्या सीटांवर पिशव्या असतात. साडीच्या दुकानाची, मिठाईवाल्याची, औषधवाल्याची. २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीलाही पुरून उरलेल्या. खालून गाठ मारलेली, म्हणजे वाऱ्याने उडायला नको.

त्याच रांगेत कधी ताम्हिणी उतरून श्रीवर्धनकडे निघालेली एखादी लांब पल्ल्याची सायकल टेकलेली असते. सीटमागे कोनासारखी बॅग, फ्रेममध्ये बॅग, हँडलला बॅग, सगळ्यांवर ‘वॉटरप्रूफ’. मडगार्ड मात्र नाही, कारण ते शोभत नाही. या सायकलवाल्याचे कोरडे कपडे ओले असणार, हे बॅग न उघडता सांगता येतं.

पाऊस वरून पडतो हा पायी चालणाऱ्यांचा समज. सायकलवर तो खालून येतो. मागचं चाक रस्त्यावरचं पाणी उचलतं आणि वाळूसकट सीटमागच्या बॅगेच्या पोटावर मारत राहतं, तासन् तास. वरची सर एकदा थांबते, ही थांबत नाही. त्यात ही बॅग तोंड गुंडाळून बंद करायची असते. आधी हवा दाबून काढायची आणि किमान ३ वळ्या मारायच्या. पण माणसं ती गळ्यापर्यंत ठासतात, मग वळायला कापडच उरत नाही. दीड वळी मारून क्लिप लावली की झालं वॉटरप्रूफ! झिपवाल्या फ्रेमबॅगेची गोष्ट आणखी सोपी. झिपच्या दातांत वाळू गेली, पट्टी नीट मिटेनाशी झाली की पाणी आत येतं आणि शिवणी पक्क्या असल्यामुळे बाहेर जात नाही. म्हणून रात्रीचे कपडे आणि अंथरूण आत जाड, साध्या पिशवीत वेगळं बांधावं आणि मुक्कामाला पोचेपर्यंत ती गाठ सोडू नये.

मडगार्ड नसलेल्या सायकलची शिक्षा आपल्यातल्या अनेकांच्या पाठीवर लिहिलेली होती. पांढरा शर्ट, जूनमधला शाळेचा पहिला आठवडा, आणि कमरेपासून मानेपर्यंत चिखलाची सरळ पट्टी. दप्तर असलं तर पट्टी दप्तरावर, आणि वह्यांची शाई फुटलेली. पुढच्या मडगार्डाला खाली रबराचा तुकडा लोंबायचा, तो कशासाठी हे तो पडल्यावर बूट सांगायचे. आजही तेलाच्या ५ लिटरच्या कॅनमधून तळहाताएवढा तुकडा कापून, दोन भोकं पाडून तिथे बांधला तर बुटात जाणारं बरंचसं पाणी वाचतं. तो दिसतो वाईट. दिसू दे.

ब्रेकचं मात्र गमतीवारी नेता येत नाही. रिमचा ब्रेक ओल्यात दाबला की चाकाचा पहिला फेरा नुसतं पाणी पुसण्यात जातो, पकड नंतर येते. घाटात वळण दिसल्यावर ब्रेक शोधणाऱ्याला तो सापडत नाही. वळणाआधीच हलका टेकवून रिम पुसून ठेवावी लागते. करकर आवाज आला तर थांबायचं. रबरात वाळूचे कण आणि रिमचेच चकचकीत कपचे रुतलेले असतात, ते सेफ्टी पिनने उकरून काढायचे, नाहीतर पुढचे ५० किलोमीटर रिमच तासली जाते. डिस्क ब्रेकवाल्यांनी हसू नये. कोकणातला तांबडा चिखल म्हणजे पॉलिश पेपरची पेस्ट. मऊ रेझिनचे पॅड एका भिजक्या घाटात संपू शकतात. पॅडवरचा घासणारा मसाला अर्धा मिलिमीटर उरला की बदलायचे, त्यामागच्या पत्र्याने डिस्क खरवडेपर्यंत थांबायचं नाही. धातूमिश्रित पॅड जास्त टिकतात, ओले झाले की किंचाळतात. किंचाळू द्यावेत. जास्तीचा एक जोड जवळ हवाच, वाटेतल्या दुकानात तो मिळेलच असं नाही.

चेनला शिलाई मशीनचं तेल पावसात तासाभराचं पाहुणं. सकाळी कड्या तांबूस दिसतात. ओल्या हवेसाठी मिळणारं दाट तेल एकेका कडीच्या रोलरवर एक थेंब, आणि बाहेरचं फडक्याने पुसून टाकायचं, नाहीतर ते वाळूच गोळा करतं. पंक्चरचं सोल्यूशन ओल्या ट्यूबवर धरत नाही, म्हणून दोन कोरड्या ट्यूब बरोबर आणि चिकटवाचिकटवी रात्री छपराखाली. ओल्या टायरमध्ये काच आणि तारेचे तुकडे लोण्यात सुरी जावी तसे शिरतात, तेव्हा ट्यूब बदलताना टायर आतून बोटाने चाचपायचा. जपून.

रेनकोटाबद्दल काय बोलावं! श्वास घेणारं कापड आतला घाम बाहेरच्या कोरड्या हवेत सोडतं. जुलैत माणगावला बाहेर कोरडी हवा आणणार कुठून? आतून घामाने, बाहेरून पावसाने, माणूस भिजतोच. लावणीच्या वेळचं इरलं यापेक्षा शहाणं: पाठीवर छप्पर, पुढून उघडं, वारा खेळता. सायकलवर ते घालता येत नाही एवढंच.

राहता राहिलं फ्रेममधलं पाणी. सीटचा दांडा जिथे कसतात तिथे बऱ्याच फ्रेमना मागच्या बाजूने चीर असते, बरोबर चाकाच्या फवाऱ्यासमोर. पाणी तिथून शिरून दांड्याच्या नळीतून खाली उतरतं आणि पेडलचे दांडे ज्यावर फिरतात त्या बेअरिंगपाशी साचतं. जुन्या ट्यूबचा तीन इंचांचा तुकडा दांड्यावर चढवून ती चीर झाकायची. आधी दांड्याच्या उंचीवर टेपची खूण करून ठेवायची. खाली पाणी जायला बारीक भोक असेल तर ते चिखलाने बुजलेलं नाही ना, हे काडी घालून बघायचं.

एवढं सगळं केल्यावरही मुक्कामाला दांडा काढून सायकल उलटी करावी. वाटीभर पाणी निघतं. सीटही दाबून बघावी. पिशवी चढवताना सीट आधीच भिजलेली होती, आणि गाठ मारल्यामुळे आता वाळायलाही वाव नाही.