धार जाते कुठे?

तिसऱ्या म्हणजे खाण्याचे छोटे शिंपले. त्यांची एकशिपी (मांस एकाच शिंपीत ठेवून शिजवलेली) करायची तर ते सुरीने उघडून चालत नाही, विळीच हवी. मालवणकडे तिला आडाळो म्हणतात. पाट पायाखाली दाबायचा, शिंपल्यांची फट पात्यावर टेकवायची आणि दोन्ही हातांनी जोर द्यायचा. टोपलीभर तिसऱ्या झाल्या की कुणीतरी ओरडतंच, "आडाळ्याक धार नाय!" आणि सगळा दोष शिंपल्यांवर जातो.

शिंपलं बिचारं पोलादापेक्षा मऊ. खरी चोर ती रेव. तिसऱ्या कितीही वेळ पाण्यात ठेवल्या तरी एखादा कण फटीत उरतोच. तो गारगोटीच्या जातीचा निघाला तर पात्याहून कठीण. सरकता सरकता बारीक चरा पाडून जातो.

पण मऊ वस्तू निर्दोष असतात असंही नाही. केसाने गळा कापणारी माणसं आपल्याला ठाऊक असतात. केस पोलादालाही सोडत नाही. 2020 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी दाढीचं पातं केस कापत असताना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. पोलाद केसाहून पन्नासेक पट कठीण, तरी धारेचे टवके उडाले. मात्र वाटेल तिथे नाही. पोलादाची आतली घडण जिथे एकसारखी नव्हती, धार आधीच जराशी दातेरी होती आणि केस वाकून तिरका लागला, तिथेच.

विळीचं बहुतेक वेळा आणखी साधं असतं. धार गेलेली नसते, मुडपलेली असते. अंगठ्याचं नख पात्याच्या अंगावरून कडेकडे हलकेच ओढून पाहा (कडेवरून लांबीच्या दिशेने नव्हे, बोट जाईल!). एका बाजूने ते सुळकन निसटतं, दुसऱ्या बाजूने किंचित अडखळतं. तिथे कड वळलेली. टोकाशी पोलाद इतकं पातळ की हाताचा साधा जोरही त्याला पेलत नाही, आणि एकदा वाकलं की आपलं आपण सरळ होत नाही.

ही कड चिनीमातीच्या कपाच्या खरखरीत बुडावर फिरवली की विळी पुन्हा चालू लागते. हात हलकाच, मग एवढा दाब येतो कुठून? केंब्रिजला बाउडन आणि टेबर या शास्त्रज्ञांनी गेल्या शतकात याचा उलगडा केला. दोन पृष्ठभाग कितीही सपाट दिसोत, एकमेकांना टेकतात ते फक्त उंचवट्यांच्या टोकांवर. टेकलेली जागा दिसते त्याचा किरकोळ अंश. सगळा भार तेवढ्यावर, म्हणून ती टोकं चेपतात, एकमेकांना चिकटतात आणि सरकताना तुटतात. घर्षण बरंचसं या तुटण्याचंच.

आमच्या खाऱ्या हवेत आणखी एक कटकट. विळी पुसायची राहिली की सकाळी पातं तांबूस. तो गंज पुढच्या कापण्यात खरवडला जातो, खाली नवं लोखंड उघडं पडतं, त्यालाही गंज चढतो. पावसाळ्यात तर बोलायलाच नको.

तरीही पातं अरुंद होतं ते मुख्यतः कापून नाही, दगडावर घासून. सहाणेवर जमणारा काळपट राडा म्हणजे आपली विळीच की! त्यामुळे शेजारणीला विळी उसनी द्यायला माझी ना नसते. "परत देताना धार लावून देते," म्हणाली की मात्र मी घाईघाईने नको म्हणते.