टोकियोत लाकडी ठशांच्या मागावर

जपानी चित्रकार होकुसाईचं लाकडी ठशांनी छापलेलं ‘लाट’ हे चित्र बघायचं म्हणून उतरल्या दिवशीच र्‍योगोकूचं सुमिदा होकुसाई म्युझियम गाठलं. कायमच्या दालनात उत्तम प्रतिकृती आहेत. अस्सल चित्रं विशेष प्रदर्शनांत. उजेडानं रंग उडतात, म्हणून ती आलटूनपालटून लावतात. तेव्हा प्रदर्शनाच्या तारखा बघूनच जा. हाराजुकूचं ओता म्युझियमही अशाच ठशांच्या चित्रांचं, ते तर मांडणी बदलताना काही दिवस बंदच असतं. माझी एक चक्कर फुकट गेली.

असाकुसाजवळची ठसे छापायला शिकवणारी कार्यशाळा मात्र वसूल झाली. समोर चेरीच्या लाकडाचे चार ठोकळे, एकेका रंगाला एक. आधी काळ्या रेघांचा ठसा, मग रंग. रंगाचे थेंब आणि तांदळाची खळ ठोकळ्यावरच टाकून घोड्याच्या केसांच्या ब्रशनं पसरायची. आपल्याकडे सुती साडीला घालतात तीच खळ! कागद कोझो झाडाच्या सालीचा. शाई फुटू नये म्हणून त्याला सरस आणि तुरटी लावलेली. आणि तो ओलसर हवा, इस्त्रीआधी पाणी शिंपडून गुंडाळलेल्या कपड्याइतका.

कागद नेमका बसावा म्हणून ठोकळ्यावरच दोन खुणा कोरलेल्या असतात, कोपऱ्यात काटकोनी आणि बाजूला सरळ. त्यांना ‘केंतो’ म्हणतात. छपाईयंत्र नसतंच. पाठीमागून ‘बारेन’नं घासायचं. ही हातात मावणारी चकती. आत पिळलेल्या दोरीचं वेटोळं, वरून बांबूच्या कोंबाचं साल. मनगटानं घासलं तर रंग डागाडागांनी उमटतो. खांद्यातून जोर लावा.

तिसऱ्या रंगाआधी मी फोटो काढत बसले. तेवढ्यात कागद सुकून आकसला आणि निळा रंग डोंगराच्या रेघेबाहेर गेला. शिकवणाऱ्या बाईंनी काही न बोलता पुढचा कागद ओल्या फडक्याखाली सरकवला. तेव्हा फोटो शेवटी काढा, बाह्या दुमडा आणि घरून कडक पुठ्ठ्याची फाईल न्या. गुंडाळी केली तर ओला ठसा चिकटतो.

कागदासाठी निहोनबाशीतलं ओझू वाशी, 1653 पासूनचं दुकान. एक सुटा ताव घ्या, उजेडासमोर धरा, धागे मोजत बसाल. मी पाच घेतले. मुंबईच्या पावसाळ्यात ते कपाटात टिकावेत म्हणून सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यात. चुकलेला ठसा मात्र पॅसेजमध्ये लावलाय, जिथे ऊन येत नाही.